अठराची एकोणीस

आमच्या भावोजींना वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे तारीखराव म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. दुसऱ्या पानावर डाव्या हाताला 'आजचा दिवस' अशी चौकट यायची. वर घटना, मधे जन्म, खाली मृत्यू. ती चौकट भरणं हीच त्यांची नोकरी. ऐन वेळी जाहिरात आली की चौकट खालून कापली जायची, म्हणजे पहिली कात्री मेलेल्यांवर. "आमच्याकडे माणसाला दोनदा मरावं लागतं," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. बाकीचे हा विनोद ऐकून ऐकून कंटाळले होते.

तारखेच्या बाबतीत माणूस महाखडूस. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे माझी सुटका नव्हती. मी बोलता बोलता "गेल्या महिन्यात कधीतरी" म्हटलं की लगेच विचारणार, कधीतरी म्हणजे कितीला? एका वाचकानं एकदा कळवलं की नदीवरचा पूल तुम्ही छापलंत त्याच्या आदल्या दिवशी खुला झाला होता. झालं, हे सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जाऊन जुने अंक उपसत बसले, आणि कुणी सांगितलं नसताना चूक छापून मोकळे झाले. एक दिवस इकडचा तिकडे झाला तरी ते खोटंच, असं त्यांचं म्हणणं. आणि अशा माणसानं स्वतःच्या घरात एक खोटी तारीख पोसली होती.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, रक्ताच्या आजारानं गेली तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. अगदी त्याच दिवशी चार वर्षांची झाली होती. अठरा तारीख. घर माणसांनी भरलेलं, आणि पोरगी एकेकाला ओढून विचारत होती, केक कधी आणणार. भावोजींनी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, वाढदिवस उद्या आहे, बाळा. त्या घडीला दुसरं कुणी काय बोललं असतं? मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षीही त्यांनी एकोणीसच धरली. शाळेत नाव घालताना एकोणीस सांगितली. आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं की पोरीच्या वाढदिवसावर आईच्या मरणाची सावली पडता कामा नये. मी तेव्हाच म्हटलं, हे निस्तरणं पुढे जड जाईल. पण मेहुणीचं ऐकतो कोण.

मग दरवर्षी त्या घरात दोन दिवसांचा तो विचित्र कार्यक्रम. अठराला ताईच्या फोटोपुढे फुलं आणि दार लावून गप्प बसलेले बापलेक. एकोणीसला केक. अठराला पोरगी न चुकता एकच विचारायची: आई शेवटी मला काय म्हणाली? तिला एवढं पक्कं आठवत होतं की ती दवाखान्याच्या खाटेवर बसली होती, आई मागून तिची वेणी घालत होती आणि काहीतरी बोलत होती. शब्द मात्र काही केल्या आठवत नव्हते. भावोजी सांगायचे की आईला बोलायची ताकदच उरली नव्हती. मी त्या वेळी खोलीत नव्हते, त्यामुळे मलाही ते खरं वाटायचं.

आईचं म्हणावं असं तिच्यापाशी दुसरं एकच होतं. ताई तिला झोपवताना तिच्या जन्माची गोष्ट सांगायची. त्या दिवशी कापडाच्या गोदामाला आग लागली, आभाळ भरदुपारी काळं झालं, सिस्टरनं धावत जाऊन खिडक्या लावल्या, आणि त्या अंधारात तू पहिल्यांदा रडलीस. ही गोष्ट पोरीला शब्दन् शब्द पाठ. आता ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि डोळ्यांत थेंब घालायला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकांना अजून सांगते की मी आगीच्या दिवशी जन्मले, माझ्यासमोर घाबरायचं काम नाही.

म्हणूनच ती आग भावोजींच्या चौकटीत कधी आली नाही. शहरातली एवढी मोठी दुर्घटना, पण ज्यांची माणसं त्यात गेली त्यांच्याच लक्षात तारीख होती. बाकीच्यांच्या नुसतं ते वर्ष. दरवर्षी अठराला ती माणसं गोदामाच्या जुन्या फाटकापाशी जमून थोडा वेळ उभी राहायची, आणि त्याच वेळी आमची पोरगी दाराआड आईच्या फोटोसमोर असायची. कुणी वाचकानं विचारलं की आग का नाही, तर भावोजी म्हणायचे, जाहिरात आली, जागा नव्हती.

आगीला तीस वर्षं झाली त्या वर्षी संपादक नवीन आले, तेही परगावचे. त्यांनी सांगून टाकलं की यंदा ही आग चौकटीत सगळ्यात वर, ठळक हवी. भावोजी संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा गार झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. लेक रोज सकाळी डोळे चोळत पहिली त्यांची चौकट वाचायची. अठराला तिथे आग दिसली की सगळं उघडं पडणार. मी म्हटलं, अजून आठवडा आहे, जा आणि सांगून टाका. ती आता केक मागणारी पोर नाही. ते गेले. तिच्या घरी बराच वेळ बसले, गळणाऱ्या नळाचा वायसर बदलून दिला आणि परत आले. मी कपाळावर हात मारून घेतला.

अठराच्या अंकात आग नव्हती. संपादकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उद्या आहे. खुद्द तारीखराव सांगतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? आणि एकोणीसला, सगळ्यात वर, ठळक: आजच्या दिवशी कापडाच्या गोदामाला भीषण आग. पुलाच्या एका दिवसासाठी सुट्टी घालवणाऱ्या माणसानं जाणूनबुजून अख्ख्या शहराची तारीख पुढे सरकवली होती. लेकीला सांगण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं. मला त्यांचा इतका राग आला की मी फोनसुद्धा केला नाही.

दुपारी लेकीचाच फोन आला. तिच्या दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की आगीत माणसं गेलेले लोक कचेरीत जमलेत आणि तुझ्या वडिलांना जाब विचारतायत. म्हणाली, मावशी, चल माझ्याबरोबर, बाबांना खोटं पाडायला निघालेत. वाटेत मी तिला परत फिरवायचा खूप प्रयत्न केला. हा मोठ्यांचा कामाचा मामला आहे, तू मधे पडू नकोस, असं काहीबाही बोलले. ती कशाची ऐकते.

संपादकांची खोली एवढीशी, त्यात पाचसहा माणसं. पुढे आगीत गेलेल्या गोदामाच्या चौकीदाराची बायको, केस पांढरे झालेली, हातात सकाळचा अंक. ती आवाज चढवत नव्हती. भावोजींना म्हणाली, "साहेब, एकोणीसला मी नवऱ्याला स्मशानात पोचवून घरी येऊन बसले होते. तुम्ही छापलंय की एकोणीसला आग लागली. मग मी कुणाला पोचवून आले?"

भावोजी टेबलाच्या कडेकडे बघत उभे होते. तेवढ्यात लेक पुढे झाली. तिनं त्या बाईंचा हात हातात घेतला. भांडायला आली होती, पण बोलली मात्र मऊपणे.

"आजी, इतक्या वर्षांत माणसाचा एखादा दिवस मागेपुढे होतो. माझे बाबा तारखेत चुकत नाहीत. आग लागली त्या दिवशीच माझा जन्म झाला, आईनं स्वतः सांगितलंय मला. आणि माझा वाढदिवस आज आहे. तीस पूर्ण झाली मला."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, मग भावोजींकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं अंकाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, "मग माझंच चुकत असेल, बाई. म्हातारी झाले. इतकी वर्षं फाटकापाशी चुकीच्याच दिवशी उभी राहिले म्हणायची."

मला वाटलं, हा माणूस आताही गप्प बसला तर मी याच्या थोबाडीत मारीन.

"त्यांचं काही चुकलं नाही," भावोजी म्हणाले. "आग अठरालाच लागली. तूही अठराचीच आहेस."

लेकीच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. तिनं त्या बाईंचा हात सोडला नव्हता.

"अठराला आई गेली," ती म्हणाली. जणू त्यांना ठाऊकच नसावं.

"हो."

"माझ्या वाढदिवसाला."

त्यांनी मान हलवली. आता ती रडेल, ओरडेल, असं मला वाटलं. तिनं निराळंच विचारलं. "वेणी घातली ती त्याच दिवशी?"

"सकाळी," भावोजी म्हणाले. "उठून बसली होती. म्हणाली, 'आज माझी चिमणी चार वर्षांची झाली. खूप मोठी हो.' दुपारी गेली."

हे मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या सख्ख्या बहिणीचं शेवटचं बोलणं, आणि ते या माणसानं माझ्यापासूनही लपवून ठेवलं होतं.

"तुम्ही म्हणायचात, तिच्यात बोलायची ताकद नव्हती," लेक म्हणाली.

"ते सांगितलं असतं तर तारीख कळली असती तुला."

"एका तारखेसाठी तुम्ही माझ्या आईचं बोलणं दाबून ठेवलंत, बाबा." एवढं बोलून ती चौकीदाराच्या बायकोपुढे वाकली, तिची माफी मागितली आणि माझ्यासाठी न थांबता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चौकटीत घटना नाहीत, जन्म नाहीत, मृत्यू नाहीत. नुसती दुरुस्ती. आग अठराला लागली, तारीख चुकून नव्हे तर मुद्दाम बदलली गेली, आणि त्याखाली भावोजींचं नाव. इतक्या वर्षांत त्या चौकटीत त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं. संपादकांनी जा म्हटलं नाही, भावोजीच नोकरी सोडून घरी बसले.

लेक वर्षभर त्यांच्याकडे फिरकली नाही. माझ्याकडे यायची, बाबा औषधं वेळेवर घेतात का विचारायची, आणि मी फोन पुढे केला की पर्स उचलून निघायची. मी तिला समजवायला गेले नाही. खरं सांगायचं तर मीही भावोजींना डबा नेऊन द्यायचे तो बाहेरच्या टेबलावर ठेवून परत यायचे. एकदा दारातून बघितलं, तर ते वर्तमानपत्राची ती चौकट उघडून बसले होते. चौकट आता दुसरं कुणी भरत होतं. भावोजी ती वाचत मात्र नव्हते.

यंदा अठराला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले, कारण कितीही राग असला तरी ताईच्या फोटोला फुलं मीच घालते. भावोजी आधी गोदामाच्या फाटकापाशी जाऊन आले होते. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो, कुणी काही बोललं नाही, असं म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात लेक. तिनं केक आणला नव्हता. फोटोपुढे क्षणभर उभी राहिली, मग भावोजींच्या खुर्चीपुढे त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली, केस मोकळे सोडले आणि खांद्यावरून मागे फणी धरली.

त्यांनी जन्मात कधी वेणी घातली नव्हती. ताई गेल्यावर शाळेच्या वेण्या मी घालायचे. त्यांना तीन पेड धड करता येईनात, एक पेड सारखा सुटत होता. मी मदतीला उठले तर तिनं मानेनंच मला नको म्हटलं. वेणी झाली ती वाकडीतिकडी, एका कानाकडे झुकलेली.

"आता म्हणा," ती म्हणाली. "आई म्हणाली होती तसंच."

"आज माझी चिमणी चार वर्षांची झाली," भावोजी म्हणाले. "खूप मोठी हो."

ती समोरच्या फोटोकडे बघत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं.