बिनवायरचा काटा

"उतर खाली."

शेठच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हळदकुंकवाची वाटी. मी ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्डसमोर बसलेलो. शीळफाट्याचं गॅरेज, भर दुपार, सगळ्यांदेखत. मला वाटलं, पूजेला जागा पाहिजे असेल. मी जरा सरकलो.

"सरकू नको, उतर. पूजेची गाडी आहे. तुमच्यातलं कोणी नको आत."

उतरलो. हे आधीच सांगून टाकतो, उगाच मी कोणी शूरवीर वाटायला नको. पाय आपोआप पायरीवर गेले. ही सवय बापाकडून आलेली. बापाने याच नाक्यावर जन्मभर हमाली केली, किती ट्रक भरले त्याला गणती नाही, पण केबिनमध्ये कधी बसला नाही.

त्या गाडीचं जुनं इंजिन गेलेलं, दुसरं बसवत होते. इंजिन बसवायचं काम मिस्त्रीकाकांचं, वायरींचं माझं. ऑइलच्या प्रेशरचा सेन्सर, पाणी किती तापलं ते सांगणारा सेन्सर, आणि डॅशबोर्डवरचे त्यांचे काटे. सगळं एकमेकांना जोडायचं. दोन दिवस मी गाडीखाली आणि गाडीत. एकेक वायर याच हातांनी सोलली, जोडली, टेप मारली. तेव्हा हे हात चालत होते. कुंकू आलं आणि विटाळले. वा रे न्याय.

शेठला माझी जात आधी माहीत नव्हती. एप्रिलमध्ये जयंतीची सुट्टी मागितली तेव्हा कळली. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात, बाकीच्यांचा काचेच्या ग्लासात. मी मनाला सांगायचो, कागदी कप स्वच्छ असतो. माणूस स्वतःशी किती खोटं बोलतो बघा.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो. इंजिन बदललं की पहिल्या स्टार्टला वायरमन केबिनमध्ये बसतो. चावी कोणीही फिरवू दे, वायरमनची नजर ऑइलच्या काट्यावर. मनात दहा आकडे मोजायचे. तेवढ्यात काटा उठला नाही तर आधी चावी बंद, मग बाकीच्या गप्पा. कारण आत ऑइल पोचलं नसेल तर इंजिन स्वतःलाच खातं.

त्या दिवशी माझ्या जागेवर शेठचा पुतण्या बसला. डोंबिवलीचा, शिकलेला इंजिनिअर. मिस्त्रीकाका म्हणाले, "शेठ, अजून ऑइल हाताने वर चढवलेलं नाही. अर्धा तास द्या."

"मुहूर्त टळतोय," शेठ म्हणाला.

काका बाजूला झाले. नारळ फुटला, चावी फिरली, इंजिन चालू झालं.

मी खालून ओरडलो, "काटा बघा."

पुतण्या खिडकीतून हसला. "झीरोवर आहे. तुझी वायरिंगच चुकलीय रे."

"बंद करा. आधी बंद करा."

कोणी बंद केलं नाही. पेढे वाटणं चालू होतं. काटा खरं बोलत होता, पण तो मी जोडलेला होता ना. मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? थोड्या वेळाने आतून ठोके यायला लागले. खण खण खण. तेव्हा कुठे चावी बंद झाली, पण इंजिन गेलं होतं.

ट्रकचा मालक कल्याणहून यायला निघालेला. तो पोचायच्या आधी शेठने मला बाजूला घेतलं. आवाज एकदम गोड. "त्याला सांग, सेन्सर तुझ्याकडून चुकीचा जोडला गेला. विषय संपला. तुला कामावरून काढणार नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि खरं सांगू? माझी मान हो म्हणायला हललेली. मग पोरगी आठवली. आठवीत आहे. शाळेच्या फॉर्मवर तिने वडिलांचा व्यवसाय या रकान्यात वायरमन लिहिलेलं, दोनदा गिरवून. या नाक्यावर वायरमनचं नाव एकदा गेलं की गेलं. केबिनमधून त्यांनी मला उतरवलेलं. ही खोटी चूक कबूल केली असती तर मी माझ्या पायांनी उतरलो असतो.

मालक आला. "वायरिंग कोणी केली?"

"मी केली," म्हणालो. "आणि ती बरोबर आहे."

"जास्त बोलू नको," शेठ म्हणाला.

मी मालकाला केबिनमध्ये बसवलं, काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. खाली सेन्सरची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा सरकन टोकाला गेला. मालक वरून म्हणाला, "चालतोय की."

"मग सेन्सर खराब असेल," पुतण्या म्हणाला.

ठीक आहे. मी पिशवीतून दुसरा काटा काढला. हा नळीने थेट इंजिनला लागतो, ऑइलच त्याला ढकलतं. सेन्सर खोलून त्याच्या जागी तो बसवला. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल तोडलं. मिस्त्रीकाकांना म्हटलं, नुसता स्टार्टर मारा. काका शेठच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मालकाने स्वतःच चावी फिरवली. इंजिन घरघरलं. काटा जागचा हलला नाही, म्हणजे ऑइलच वर येत नव्हतं.

"याला वायर नाही," मी म्हणालो. "म्हणजे याला माझा विटाळ पण नाही. आता सांगा, चुकलं कोणाचं?"

मी हत्यारं पिशवीत भरली. शेठ एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

मिस्त्रीकाका रस्त्यापर्यंत मागे आले. हळूच म्हणाले, "तू बरोबर होतास रे."

"काका, हे आत बोलायचं होतं."

शेठपेक्षा मला काका जास्त लागले. अजून लागतात.

माफी कोणी मागितली नाही. आता कळव्याला माझं स्वतःचं काम आहे. इंजिन बदललेली गाडी आली की पक्कड उचलायच्या आधी एक विचारतो. पहिल्या स्टार्टला केबिनमध्ये मी बसणार, चालेल का? काही गाड्या माघारी जातात. परवा एक गेली, हार घातलेली. बायको चिडते, आणि तिचं चूक नाही.

पण नारळ कोणीही फोडा. चावी कोणीही फिरवा. काट्यासमोरची जागा माझी आहे. तिथून मी उतरणार नाही.