पडद्याला पांढरा हात

माझ्या आईने संसारासाठी कलेचा त्याग केला, असं ज्याने छापलं त्याला समोर बसवून मला एकच विचारायचंय: कधी केला रे? मी त्याच घरात वाढले आणि मला काही तो त्याग दिसला नाही. मला दिसायची कोपरापर्यंत निळी झालेली आई, त्याच हातांनी घाईघाईत भाजी चिरणारी. ताटात एखादा निळा ठिपका सापडला की बाबा म्हणायचे, "आज आकाश वाढलंय वाटतं." आणि मुकाट्याने जेवायचे.

आमच्या गल्लीत एक सभागृह आहे. सभागृह म्हणायचं एवढंच. पत्र्याचं छप्पर, लाकडी रंगमंच आणि उखडलेली फरशी. गल्लीतली माणसं दरवर्षी तिथे नाटक बसवायची आणि मागचा पडदा आई रंगवायची. पडदा एकच, जाड कापडाचा, भिंतीएवढा. नाटक संपलं की आई त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात मारायची आणि तो वाळला की नवं चित्र काढायची. राजवाड्यावर पांढरा, त्यावर जंगल. जंगलावर पांढरा, त्यावर बंदर. थरावर थर चढून तो इतका जड झाला की वर ओढायला चार जण लागायचे.

"एवढं छान चित्र पुसताना वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"पुसतेय कुठे? झाकतेय. खाली आहे की सगळं."

आमच्या घरातली वर्षंही त्या चित्रांवरूनच ओळखायची. माझा जन्म जंगलाच्या वर्षीचा. आजी अंथरुणाला खिळली ते बंदराचं वर्ष. आई आजीला भरवायची, अंग पुसायची, कूस बदलून द्यायची आणि सभागृहात जाऊन शिडीवर चढायची. थोड्या वेळाने पुन्हा कूस बदलायला घरी. त्या बंदरातलं एक जहाज अर्धवटच राहिलं. कुणी कारण विचारलं तर आई म्हणायची, "सासूबाईंनी हाक मारली."

गल्लीच्याही हाका असायच्याच. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाच्या घरी माणूस गेलं, नळाला पाणी नाही म्हणून मोर्चा न्यायचा, की बोलवा हिला. आई ब्रश पाण्यात बुडवून ठेवायची आणि जायची. ब्रश पाण्यात आहे म्हणजे ती परत येणार, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. ती यायचीच. पण गल्लीने तिचं जाणं तेवढं लक्षात ठेवलं, परत येणं कुणी पाहिलंच नाही.

गेल्या वर्षी सभागृहाची दुरुस्ती निघाली. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आमच्याच शेजारचा. लहानपणी आईच्या राजवाड्यासमोर हा राजपुत्र झाला होता आणि वाक्यं विसरून पडद्यामागे उभ्या असलेल्या तिलाच येऊन बिलगला होता. तो घरी आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "काकू, आता तुम्ही आराम करा. यापुढे फ्लेक्स छापून आणू. झटपट काम!" त्याने विचारलं नाही, सांगितलं.

"आणि पडदा?" आई म्हणाली.

"ठेवलाय की नीट."

नीट! मला पडदा सापडला अध्यक्षाच्या नव्या घराच्या बांधकामावर, सिमेंटच्या गोण्यांवर पसरलेला. मधोमध कापून दोन तुकडे केले होते. कापलेल्या कडेला थर सुटले होते, पांढऱ्याखाली निळं, निळ्याखाली पांढरं, त्याखाली हिरवं. माझ्या जन्माचं जंगल. मी बघत उभी राहिले तेवढ्यात हा आला आणि कौतुकाने म्हणाला, "थेंबभर पाणी आत जात नाही गं. मानलं काकूंना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलले ते आठवत नाही, पण बांधकामावरचे गवंडी हातातलं काम टाकून बघत राहिले एवढं आठवतं. तशीच तणतणत घरी आले. आई शेंगा सोलत होती.

"दोन तुकडे केलेत, आई! सिमेंट झाकलंय त्याने!"

आईचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"तुला राग कसा येत नाही?" मी ओरडले. खरं तर त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा तिचाच संताप आला होता.

"येतो की," ती म्हणाली. "जेवून घे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. भांडण नको म्हणून गेले असतील, असं मला वाटलं.

वर अध्यक्षांचं आमंत्रण आधीच घरी येऊन पडलं होतं. दुरुस्त झालेल्या सभागृहात आईचा सत्कार. मी म्हटलं, जायचं नाही. ती म्हणाली, जायचं.

गेलो. रंगमंचाच्या मागे फ्लेक्स होता आणि त्यावर आईचा भिंतीएवढा चेहरा. माझ्या लग्नातल्या फोटोतून कापलेला, सुरकुत्या घालवून गाल साबणासारखे गुळगुळीत केलेले, भोवती छापील गुलाब. खाली अक्षरं: संसारासाठी कलेचा त्याग करणारी आदर्श माता. अध्यक्ष बोलत सुटला. माया, कष्ट, वात्सल्य, सगळं झालं. पडद्याचं नावसुद्धा नाही. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते, नाहीतर उठून त्याचा माईकच ओढला असता.

"काकू, आता तुम्ही दोन शब्द बोला."

आई उठली. ती माईककडे गेलीच नाही. बाजूच्या दारातून बाबा आत आले, खांद्यावर शिडी, हातात पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा. त्या दिवशी चपला घालून ते कुठे गेले होते, ते मला तेव्हा कळलं.

बाबांनी शिडी लावली. आई चढली, डब्यात ब्रश बुडवला आणि कपाळापासून सुरुवात केली. वरून खाली, एकसारखा हात. कपाळ गेलं, एक भुवई गेली.

"काकू, अहो काय करताय?" अध्यक्ष धावला. "तुमचाच चेहरा आहे तो!"

"माझाच आहे, म्हणून कुणाला विचारलं नाही," आई हात न थांबवता म्हणाली. "पडदाही माझाच होता. तू विचारलं होतंस?"

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा वाक्य विसरला. या वेळी बिलगायला कुणी नव्हतं.

"हे उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल," आईने वरूनच सगळ्यांना सांगितलं. "तोवर कुणी हात लावू नका. परवा चित्र सुरू करतेय."

बाबांचे गुडघे दुखायला लागले असावेत, त्यांनी मला खुणेने बोलावलं. मी रंगमंचावर गेले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून पांढरे थेंब माझ्या मनगटावर पडत होते.

"शिडी हलतेय गं," आई म्हणाली. "रडायचं ते मी खाली उतरल्यावर रड. आत्ता घट्ट धर."