मोतीलाल नानांचा दुसरा राउटर

आमच्या मेहरूणच्या गल्लीत मोतीलाल नानांना कुणी काही शिकवायला जात नाही. गेलंच, तर नाना त्याला बोलता बोलता दीपनगरला घेऊन जातात. तिथल्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले, पण पॅनलसमोरून काही उठले नाहीत. घरातला मिक्सर बिघडला तरी "संच बंद पडला" म्हणतात.

यंदा मात्र माणूस पार हबकला होता. त्यांच्या पत्नी ताईबाई मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पलंगावरून अजिबात हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पलंग मागच्या खोलीत. आणि आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आखाजीला लेक माहेरी यायची म्हणजे यायचीच. एकुलत्या एका दिपमालाची लग्नानंतर एकही आखाजी चुकली नव्हती. यंदा ती कॅनडात, दवाखान्यात नर्स, सुट्टी नाही. ड्यूटीवर निघण्याआधी व्हिडिओ कॉल करते म्हणाली. ताईबाई तेवढ्यावरच जीव लावून बसल्या होत्या. पोरीचं तोंड दिसलं की त्यांचा सण झाला.

पण मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, आणि मोबाईलला रेंज यायची ती फक्त ओट्यावर. म्हणून नानांनी दुसरा राउटर आणला. मी म्हटलं, "नाना, केबलवाल्याला बोलवा."

"दोन संच जोडायचं काम मी जन्मभर केलंय," नाना म्हणाले. झालं, विषय संपला.

वीजकेंद्रात वीज बनवणाऱ्या चालू संचाला दुसरा जोडताना दोघांचं सगळं तंतोतंत जुळवावं लागतं, नाहीतर अनर्थ होतो. नानांनी तेच केलं. नव्या राउटरला जुन्याचं नाव दिलं, जुन्याचाच पासवर्ड दिला, इतकंच काय, आकड्यांचा आयपी पत्तासुद्धा तोच दिला आणि दोघं वायरीनं जोडले. राउटरना वेगवेगळा पत्ता लागतो, आणि घरातल्या फोनना असे पत्ते वाटायचं काम एकानंच करायचं असतं. इथे दोघंही घरमालक होऊन बसले. हे सगळं आम्हाला केबलवाल्यानं सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी.

आखाजीच्या संध्याकाळी नव्याबरोबर जुन्याचंही इंटरनेट गेलं. फोन वाजला तेव्हा नाना ओट्यावर होते. "नाना, आईकडे न्या ना फोन," दिपमाला म्हणाली. नाना आत धावले, मधल्या दारात कॉल तुटला. पुन्हा ओट्यावर आले, पुन्हा लागला, पुन्हा आत धावले, पुन्हा तुटला. मग वायर काढ, वायर घाल. मला तर तो राउटर उचलून मेहरूण तलावात फेकावासा वाटत होता.

"बठ्ठा दिवा लागेल शेतस, मंग काबर चालत नई?" सगळे दिवे लागलेत तरी चालत का नाही, म्हणून नाना त्या डबड्यावर ओरडत होते. चिडले की त्यांना घरचीच बोली सुचते.

"नाना, राहू द्या आता. मला निघायला हवं. आईला सांगा..." दिपमाला बोलत होती.

"थांब बेटा, एकच मिनिट," असं म्हणत नाना परत आत वळले, आणि कॉल तुटला तो तुटलाच.

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. ताईबाईंनी कपाळाला ठसठशीत कुंकू लावून घेतलं होतं. नवी साडी नेसता येत नव्हती म्हणून ती नुसती अंगावर पांघरली होती. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमले तं दिखनी ना ती? बारीक व्हयनी का?"

नाना पलंगाच्या कडेला टेकले. "बरी शे," म्हणाले.

"साडी कोनती नेसेल व्हती?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर ती दिसलीच नव्हती, फोन त्यांच्या हातात होता. आणि सगळा वेळ त्यांनी पाहिल्या होत्या त्या कोपऱ्यातल्या रेंजच्या रेघा. पोरीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"सांगा ना," ताईबाई म्हणाल्या.