न घसरणारा चष्मा

चौकातल्या औषधांच्या दुकानाला खेटून चष्म्याचं एक चिंचोळं दुकान आहे. त्याचा मालक दिवसभर बोलत असतो. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवता बसवता तो त्याची गुडघेदुखी, घराची गळती आणि भावाभावांतली भांडणं सगळं बाहेर काढतो आणि वर फुकटचा सल्लाही देतो. अशा माणसाला मुखदुर्बळ म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण तो तसा होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला चांगली ठाऊक होती.

मनातलं काही बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसे. मग बोलण्याऐवजी तो चष्मा देई. सासरे मोठ्या दुखण्यातून उठले, त्यांना सोनेरी फ्रेम. मेहुण्याशी धरलेला अबोला सुटला, त्याला गॉगल. लेक जन्मली त्या दिवशी दवाखान्यात बायकोच्या उशाशी उभं राहून त्याला एक शब्द सुचेना, तेव्हा त्याने खिशातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या चष्म्याचे नाकावरचे पॅड बदलून दिले. "बाकीच्यांचे नवरे हसतात नाहीतर रडतात," बायको अजून सांगते, "आमच्याकडे सर्व्हिसिंग झालं." सगळे हसतात. तोही हसतो, सगळ्यांत मोठ्याने.

लेकीच्या बाबतीत मात्र त्याला हसू येत नसे. घरी तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. पण शाळेचं फाटक ओलांडलं की ती मूग गिळून बसायची. हजेरीला नुसता हात वर. पहिली अशीच गेली, दुसरीही. शिक्षकांनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, शेवटी नाद सोडला. "बापावर गेली असेल," असं एकदा सासूबाई गमतीने म्हणाल्या. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली.

तिसरीत नव्या बाई आल्या. बाईंनी काय जादू केली कोण जाणे, पण एका संध्याकाळी दप्तर खाली टाकता टाकता लेक म्हणाली, "बाबा, आज मी वर्गात नदीचा धडा वाचला."

"मनातल्या मनात?"

"मोठ्याने. अख्खा."

तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा बायकोने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि टॉवेल पुढे केला.

वर्ष संपत आलं तशी बातमी कळली की बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली आहे. शेवटच्या शनिवारी पालकांना वर्गात बोलावलं होतं. त्यानंतर बाई काही भेटणार नव्हत्या. आभार मानायचे तर त्याच दिवशी.

"जायचं आणि धन्यवाद म्हणायचं," बायको म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"नुसतं धन्यवाद? माणसाने काहीतरी विचार करून भेट द्यायला नको?"

"तुम्ही विचार करायला लागलात की मला धडकी भरते."

तिची धडकी खरी ठरली. आधी त्याने भिंतीवरचं घड्याळ आणलं. बायको म्हणाली, "जाणाऱ्या माणसाला घड्याळ? लवकर निघा म्हणून?" घड्याळ दुकानात लागलं. मग कपबश्या आणल्या. त्यातला एक कप त्याने घरी उघडून दाखवतानाच फोडला. मग काचेचा एक मोर आणला. तो बघून बायको स्वयंपाकघरात निघून गेली, आणि आतून तिचा हसण्याचा आवाज येत राहिला. मोर दुसऱ्या दिवशी परत केला. दुकानदाराने कारण विचारलं, तर दिवसभर जगाला सल्ले देणाऱ्या या गृहस्थाला एक धड सबब सुचली नाही.

आणि मग, कोणाचा तरी चष्मा पुसताना, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंचा चष्मा! सहामाहीच्या पालकसभेत मागच्या बाकावर बसून त्याने तो नीट पाहिला होता. सारखा नाकावरून घसरायचा. बाई चष्म्याच्या वरून पोरांकडे बघायच्या. काड्या ढिल्या, पॅड झिजलेले. असा चष्मा बघितला की त्याला दुसऱ्याच्या शर्टाचं चुकीचं लागलेलं बटण बघितल्यासारखं व्हायचं. पक्की खात्री करायला म्हणून त्याने लेकीला विचारलं, "तुमच्या बाई वर्गात चष्मा काढतात का गं?"

"रोज काढतात," लेक म्हणाली.

झालं! टोचत असणार, कानामागे दुखत असणार. गिऱ्हाइकाला छप्पन्न प्रश्न विचारणाऱ्या या तज्ज्ञाने लेकीला एवढंही विचारलं नाही की कधी काढतात, आणि का.

त्याने दुकानातली सगळ्यांत हलकी फ्रेम निवडली. मऊ पॅड बसवले. काड्यांची टोकं गरम करून कानामागे अलगद धरतील अशी वळवली. नंबर त्या दिवशी शाळेतच विचारून घेऊ, काचा मागाहून घालून देऊ, असा बेत. वर गळ्यात अडकवायला गडद निळी दोरी जोडली. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाआधी त्याने ती बिनकाचांची फ्रेम स्वतः घातली आणि मायलेकींसमोर प्रात्यक्षिक सुरू केलं. मान हलवली. खाली वाकला. शेवटी दोन उड्या मारल्या. फ्रेम जागची हलली नाही.

"बघ! आता तुमच्या बाईंना चष्मा काढावाच लागणार नाही."

"कधीच?" लेकीने विचारलं.

"कधीच! झोपताना विसरतील, इतका आरामात बसेल."

लेक गप्प झाली. जेवतानाही गप्प. आपल्या कारागिरीने पोर भारावून गेली, असं त्याला वाटलं. स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारता येत नाही म्हणून, नाहीतर त्याने तीही मारली असती.

शनिवारी सकाळी लेक निघायलाच तयार होईना. बूट सापडत नाही, पोट दुखतंय. कशीबशी निघाली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापाशी ती थांबली आणि आईचा हात ओढून रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, बाबाला सांग ना, तो चष्मा देऊ नको म्हणून."

"का गं?"

"माझी पाळी आली की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवतात. म्हणतात, आता मला तू दिसत नाहीस, सगळं धुरकट आहे, बोल बिनधास्त. मग मी बोलते. आज प्रत्येकाने उभं राहून बोलायचंय. त्यांनी काढलाच नाही तर?"

तो चष्म्याची डबी हातात धरून उभा राहिला. दोन वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली, तो बंद पाडायचं यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बनवलं होतं, वर निळी दोरी लावून. अक्कल पाजळायलाही काही मर्यादा असते, असं तो स्वतःलाच मनात म्हणाला, आणि आणखीही बरंच काही म्हणाला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने डबी खिशात कोंबली. "नाही देत," तो म्हणाला. "चल."

वर्गात पालक भिंतीला टेकून उभे होते. मुलं एकेक करून उठत होती, यंदा काय आवडलं ते सांगत होती. लेकीची पाळी आली. बाईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि डोळे किलकिले केले. लेक उभी राहिली. एकदा बाईंकडे बघितलं आणि बोलायला लागली: नदीच्या धड्याबद्दल, वर्गातल्या कुंडीबद्दल, शेजारच्या मुलीने तिला दिलेल्या खोडरबरबद्दल. आवाज बारीक होता, पण मागच्या भिंतीपर्यंत येत होता. त्याच्या शेजारी बायको डोळे पुसत होती.

त्याचे डोळेही भरून आले असते, पण ते टेबलावरच्या चष्म्याकडे गेले. त्याची सवय वाईट. चष्म्याच्या काचांखालून हजेरीपटाच्या रेघा दिसत होत्या, अगदी थोड्या मोठ्या झालेल्या. म्हणजे जवळचा नंबर. नुसता वाचायचा चष्मा, तोही हलका. म्हणजे बाईंना लांबचं चष्म्याशिवायच उत्तम दिसत होतं! म्हणून तर त्या चष्म्याच्या वरून बघायच्या. दुकानात येणाऱ्या शेंबड्या पोरालाही तो हे समजावून सांगत असे, आणि इथे फ्रेमच्या नादात त्याने काचेकडे पाहिलंच नव्हतं. पॅड झिजले होते, काड्या ढिल्या झाल्या होत्या, कारण वर्षभर तो चष्मा त्याच्या पोरीसाठी काढला जात होता.

आणि पोरगी बाईंना पहिल्या दिवसापासून लख्ख दिसत होती.

कार्यक्रम संपला. पालकांनी फुलं दिली, पेनं दिली, कोणीतरी काचेचा मोरही दिला. गर्दी पांगली. बायको लेकीला घेऊन मुद्दाम व्हरांड्यात गेली. त्याला एकटं सोडायची ही तिची जुनी युक्ती. तो टेबलासमोर उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. हात आपोआप खिशातल्या डबीकडे गेला आणि तिथून रिकामाच परत आला.

"बाई, मी तिचा..." तो म्हणाला, आणि पुढे घोडं अडलं.

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग सावकाश चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि डोळे किलकिले करून म्हणाल्या, "बोला. मला आता काही दिसत नाही."

अख्ख्या गावात हे खोटं ओळखू शकणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांच्यासमोर उभा होता. त्याचे ओठ थरथरताना, नाक लाल होताना बाईंना स्पष्ट दिसणार होतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी तो बोलला.

"दोन वर्षं माझी पोर इथे मुकी होती. मला वाटायचं, माझ्यामुळे. मलाही बोलता येत नाही असलं काही. घरी ती बोलायची तेव्हासुद्धा मला भीती वाटायची, की हाही आवाज एक दिवस जाईल. तुम्ही... तुम्ही तिला उभं केलंत. मी तुमचा फार आभारी आहे, बाई. आयुष्यभर राहीन."

 बाईंनी चष्मा हातात घेतला, आणि ढिली काडी लोंबकळली.

"स्क्रू तेवढा आवळून देऊ?" त्याने विचारलं.

"द्या. पण फार घट्ट नको. नव्या शाळेतही काढावा लागेल."

त्याने अर्धाच फेरा दिला.

परतताना लेक मध्ये चालत होती, दोघांचे हात धरून. "बाबा, तू काय दिलंस बाईंना?"

"काही नाही. बोललो फक्त."

बायको चालता चालता थांबली. लेकीने डोळे मोठे केले. "तू? मग त्यांनी चष्मा काढला होता?"

"हो."

"मग तू त्यांना दिसलास?"

चष्मेवाल्याने हातातला तिचा हात जरा घट्ट धरला.

"छे गं," तो म्हणाला. "काहीसुद्धा नाही."