आबांनी होम थिएटर वाढवलं

आमच्या घरात 'बंद' हा शब्द बंद आहे.

कारण आमचे आबा. राजूरच्या गणपतीसमोर त्यांचं नारळ-पेढ्यांचं दुकान होतं. दुकान 'बंद करतो' म्हणणं अभद्र. दुकान 'वाढवायचं' असतं, हे सगळेच जाणतात. पण आबा जालन्याला आमच्याकडे राहायला आले ते हा शब्द सोबत घेऊनच. इथं ते पंखा वाढवतात, नळ वाढवतात, फोनसुद्धा वाढवतात.

दिवाळीत घरी होम थिएटर आलं आणि सोबत रिमोटांचा गठ्ठा. बायकोनं मालिका लावली की आवाज यायचा, चित्र नाही. आबांनी कीर्तन लावलं की बुवा दिसायचे, पण मुके! शेवटी मी कंबर कसली आणि सगळ्यांना चालेल असा एकच रिमोट मागवला. त्याला कोड शिकवता शिकवता अख्खा रविवार गेला, पण शिकवला! एक बटण दाबलं की टीव्ही, थिएटर, सेट टॉप बॉक्स सगळे जागे. तेच पुन्हा दाबलं की सगळे झोपलेले. बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या: 'चालू', आणि आवाजासाठी 'वाढवा', 'उतरवा'. ('बंद' मुद्दाम लिहिलं नाही. वडिलांचा मान!) ऑफिसातही मी तो मिरवून आणला, खोटं कशाला बोलू?

आमची सई मोबाइलच्या ॲपमधली बटणं आखायला शिकली आहे, कुणालाही बघताक्षणी कळतील अशी. पुण्याच्या एका कंपनीत तिची ऑनलाइन मुलाखत होती. आधी दोन ठिकाणी हुकलेलं, त्यामुळे पोर धास्तावलेली. ती आतल्या खोलीत, मी दाराशी पहाऱ्याला, आबा हॉलमध्ये कीर्तन ऐकत.

"आबा, सईची मुलाखत सुरू झाली."

"मंग आधी न्हाई का सांगायचं? वाढवतो ना जल्दी!"

आणि आबांनी वाढवलं.

मृदंग असा कडाडला की शोकेसच्या काचा थरथरल्या. आबा दचकले, पण हटले नाहीत. त्यांनी अंगठा आणखी जोरात दाबला. बुवा गर्जू लागले.

"आबा, वाढवू नका!" मी ओरडलो.

"पोरीची मुलाखत हाये अन् म्हंतो वाढवू नका? बाप हायेस का कोन?"

"अहो, वाढून राह्यलंय ते!"

"वाढलं कुठं? बोंबलून राह्यलंय!"

मी रिमोट हिसकावून 'चालू' दाबलं. नेमकी तेव्हाच बायको लाटणं घेऊन थिएटरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. टीव्ही बंद झाला (आबा, माफी!), थिएटर मात्र बायकोच्या आड सुरक्षित! ती बाजूला सरकली, मी पुन्हा दाबलं. आता थिएटर गप्प, पण टीव्ही उठून बसला आणि बुवा त्यातून बोलू लागले.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" बायको किंचाळली.

मग मी मर्दासारखा गेलो आणि मेन स्विचच पाडला. शांतता! पंखा गेला, फ्रिज गेला. वायफायही गेलं.

दार उघडलं. सईचे डोळे भरलेले. "बाबा, मुलाखत तुटली."

लेकीच्या नोकरीवर मी स्वतःच्या हातानं पाणी सोडलं होतं.

"मी तर बराबर वाढवून राह्यलो होतो," आबा कसनुसं तोंड करून म्हणाले. "त्याच्यावर लिहेलच हाये तसं."

सई थबकली. तिनं चिठ्ठी वाचली, रिमोट माझ्या हातातून ओढला आणि मोबाइलचं नेट लावत आत शिरली. आधी तिचं "सॉरी सर" ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतं हसणं, तेही पुण्याकडचं!

नोकरी मिळाली! आबांनी राजूरहून पेढे आणले. मी सईला विचारलं, "सांगितलंस तरी काय त्यांना?"

"चुकलेल्या बटणाचं उदाहरण मागितलं होतं त्यांनी. मी तुमचा रिमोट कॅमेऱ्यापुढे धरला."

आता तिच्या कंपनीत नव्याने लागलेल्यांना पहिल्याच दिवशी माझ्या रिमोटचा फोटो दाखवतात म्हणे. पुण्यात माझं काम शिकवतात, हे मी गल्लीभर सांगून आलो आहे. कशाचा नमुना म्हणून शिकवतात, ते अजून कुणी विचारलेलं नाही. आणि आपण होऊन सांगण्याइतका आगाऊ मी नाही!