स्वामींनी सोफा नेला

बाळांनो, तुमची आजी अक्कलकोटला नेमाने जाते, म्हणून तिची श्रद्धा पक्की असेल असं समजू नका. मागच्या वर्षी ती बरीच डळमळली होती. घरमालकाने आमची चाळ विकायला काढली आणि माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या. एक तर सोलापूर सोडून गुवाहाटीला तुमच्या अभ्यासाच्या टेबलाखाली कायमची गादी टाकायची, नाहीतर इथल्या एका सेवाभावी संस्थेच्या स्वस्त घरांसाठी पात्र ठरायचं. विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला पेन्शन नसते. आणि सगळं आयुष्य जिथे गेलं ते गाव सोडायची कल्पना मला सोसत नव्हती.

संस्थेची माणसं घरी येऊन माझी खरी गरज पाहणार होती. आता आमच्या चाळीची रीत अशी, की कुणाकडे मोठे पाहुणे यायचे असले की ज्याच्याकडे जे चांगलं, ते त्या घरी पोचतं. शेजारची सुरेखा मूळची सांगोल्याची. तिने लेकीच्या स्थळासाठी घेतलेला नवाकोरा सोफा माझ्या भिंतीला आणून टेकवला. भिंतीवरची ओल त्यामागे छान झाकली गेली. समोरच्या विणकरांनी कोरी चादर दिली, कुणी कूलर आणला, कुणी सोनेरी काठाचे कप. मीही स्वामींना हात जोडले, “पाहुण्यांसमोर घर शोभू द्या.” आपल्याला गरज दाखवायची आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शिकलेल्या माझ्याही नाही.

ठरल्या दिवशी संस्थेच्या एक बाई आणि एक गृहस्थ आले. बाईंनी सोफ्यावरून हात फिरवला, कूलरच्या वाऱ्यात चहा घेतला आणि हळूच म्हणाल्या, “आजी, तुमचं तर उत्तम चाललंय. ही घरं अगदीच नड असलेल्यांसाठी आहेत हो.”

सगळं उसनं आहे, असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गुवाहाटीचं सामान बांधू लागले.

तेवढ्यात सुरेखा दारात येऊन मला म्हणाली, “बाई, रागवू नगा, पर सोफा द्या की. पोरीला बघायला उद्या येनार हुती, ती मोहोळची मंडळी आत्ताच आल्याती. त्यास्नी काय चटईवर बसवू व्हय?”

संस्थेच्या बाई उठल्या. गृहस्थांनी तर सोफ्याचं एक टोक स्वतः उचललं. सोफा सरकला आणि भिंतीवरची ओल, पोपडे, ठिबकतं पाणी झेलायला खाली ठेवलेलं घमेलं, सगळं उघडं पडलं. सुरेखाने कप मागितले तेव्हा बाईंनी उरलेला चहा एका घोटात संपवून कप तिच्या हाती दिला. मग कूलर गेला. चादरही गेली. शेवटी आम्ही तिघं चटईवर बसलो, आणि बाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. मग मात्र मी सगळं खरं सांगून टाकलं.

मोहोळची मंडळी आदल्या दिवशीच का आली, हे मी कधी विचारलं नाही. सुरेखाच्या लेकीचं त्याच सोफ्यावर जमलं, एवढं मात्र खरं. आपण घर सजवून मागत होतो आणि देणाऱ्याला ते रिकामं करून द्यायचं होतं, असं मी समजते. त्याला मार्ग दाखवायला जाऊ नये.

घर मिळालं. लहानसंच आहे, पण भिंती कोरड्या आहेत. प्रवेशाच्या दिवशी सुरेखाने गॅसवर दूध ठेवलं. उभ्या जन्मात मी दूध उतू जाऊ दिलेलं नाही. हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि दूध शांतपणे ओट्यावर पसरू दिलं.