रोहित आले का?

बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे फ्लेमिंगोला फ्लेमिंगो म्हणायला माझी जीभ वळत नाही. ‘रोहित’ असा गोड शब्द घरात असताना उसनवारी कशाला? आमचे हे, दिनानाथ, नेरूळला उरणच्या गाडीत बसल्यापासून बजावत होते, “सरोजिनी, तिथे मराठीचा तास घेऊ नकोस. फ्लेमिंगो म्हण आणि मोकळी हो.” मी ऐकते कसली!

उरण स्टेशनाबाहेर गोजराबाईंची चहाची टपरी. पक्षी बघायला पाणथळीकडे जाणारे सगळे त्यांनाच रस्ता विचारतात. उतरणाऱ्या एकेका माणसाच्या तोंडाकडे त्या निरखून बघत होत्या. गिऱ्हाईक हेरत असतील, असं मला वाटलं. त्यांनी आमचा चहा ओतायला घेतला, तेव्हा मी विचारलं, “काय हो, रोहित आले का?”

चहा पेल्याबाहेर, थेट त्यांच्या हातावर सांडला. त्यांना कळलंसुद्धा नाही. किटली आपटून त्यांनी माझं मनगट धरलं. “कवा? कंच्या गाडीनं? बाई, तुमी कुठं बगितला त्याला?” आणि चपला तिथेच टाकून स्टेशनाकडे धावल्या.

मी मागून ओरडले, “अहो, थांबा! पक्षी! मी पक्ष्यांचं विचारत होते!”

शेजारी रिक्षावाले नामदेव उभे होते. ते माझ्यावर उखडलेच. “रोहित पोरगा हाय त्यांचा. बापाशी भांडून मोरा बंदरातनं लाँचनं मुंबईला गेला, चार वर्सं झाली. रेल्वे आली तशी बाईनं इथं टपरी टाकली. आला तर इथंच उतरंल, म्हनते.”

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

गोजराबाई परत आल्या. भाजलेल्या हातावर पाणी ओतलं, दुसरा चहा दिला. “असूं दे. बंदाऱ्यावरनं सरळ जा. मोप आलेत.”

खरंच हजारो होते, गुलाबी. माझं कशात लक्षच लागेना.

परतताना मी मुद्दाम टपरीशी थांबले. जीभ वळवली एकदाची. “गोजराबाई, फ्लेमिंगो छान दिसले हो.”

त्यांनी हातातली किटली खाली ठेवली.

“रोहितच बोला, बाई. घरी त्याचं नाव काडलं का त्याचा बाप ताटावरनं उठतो. चार वर्सांनी आज कोनाच्या तरी तोंडून ऐकलं.”